अनुभव धागा: जुन्या पेठेतली पाडणी, बांधणी आणि रस्त्यावरचा बाजार (खान्देश)

धागाकर्ता

जळगावची नवी पेठ, बळीराम पेठ, धुळ्याच्या नंबरी गल्ल्या, अमळनेर-भुसावळ-नंदुरबारचा जुना बाजारभाग. सगळीकडे एकच चाललंय: वाडे उतरताहेत, त्याच जागी खाली गाळे नि वर फ्लॅट उभे राहताहेत, रस्ते काँक्रीटचे होताहेत आणि लोटगाड्या (हातगाड्या) इकडून तिकडे हलवल्या जाताहेत. या कामातली जाणती मंडळी इथे बरीच आहेत. 'काय ते दिवस होते' हा सूर नको. काम कसं करायचं, किती लागतं, कुठे फसतं, तेवढं लिहा.

सागवानी

पाडणीपासून सुरुवात करतो, कारण निम्मी भांडणं तिथेच लागतात.

धाब्याच्या घराचं छप्पर म्हणजे सागवानी तुळया (जाड आडवी लाकडं), त्यांवर कड्या (बारीक आडवी लाकडं), त्यांवर चिपा (लाकडाचे चपटे तुकडे), मग पाला आणि वर माती. दरवर्षी पावसाआधी खारी माती टाकत गेल्याने मातीचा थर वाढत जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास (शंभर घनफूट), वजनात साधारण साडेचार टन. ती आधी उतरवायची, आणि सगळीकडून सारखी उतरवायची. मजूर सोयीसाठी माती एका कोपऱ्यात गोळा करतात आणि तिथलीच कडी मोडते. माती झाली की चिपा, मग कड्या, मग तुळई, शेवटी खांब. भिंत वरून दोन-दोन फूट खाली आणायची. जेसीबीने ढकलून गल्लीत पाडली तर समोरच्याचा ओटा आणि गटार दोन्ही जातात.

सामाईक भिंतीत दोन्ही घरांच्या कड्यांची टोकं बसलेली असतात. आपली कडी ओढून काढायची नाही. भिंतीलगत करवतीने कापायची, आतलं टोक आतच राहू द्यायचं. ओढली की शेजाऱ्याची कडी सैल होते, आणि भिंतीला पडलेल्या भोकातून पहिल्याच पावसात पाणी शिरतं.

लाकडाचा हिशेब घनफुटात: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. बारा फुटी तुळई, आठ बाय आठ इंच, म्हणजे सव्वापाच घनफुटांहून थोडी जास्त. व्यापारी कुसाची (खाचेत बसवलेली) आणि भिंतीतली कुजकी टोकं वजा करतो, ते रास्त आहे. मात्र टोकं कापल्यावर मोजा, अंदाजाने नको. कोरीव चौकट, हस्त (तुळईखालचे कोरीव आधार), दारं यांचा भाव नगावर ठरवा, घनफुटात घालू नका. 'पाडणी फुकट, माल आमचा' हा सौदा घाईत ठरला तर घरमालकच बुडतो. आधी सगळ्या तुळया मोजून कागदावर घ्या, मग बोलणी.

भिंतीची पांढरी माती शेतकरी ट्रॉलीने उचलतात, शेतात टाकायला. त्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक मिसळलं तर कोणी हात लावत नाही, मग तीच माती पैसे देऊन फेकावी लागते.

पायाभरणी

सागवानी आप्पांनी भिंतीपर्यंत आणलं, मी खाली उतरतो.

जुन्या वाड्यात जेसीबी घालण्याआधी जमिनीवर पहार आपटत फिरा. पोकळ आवाज आला तर खाली पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) किंवा बुजवलेला आड आहे असं धरून चला. दाणा-बाजाराच्या आसपास तर हमखास. पेव सापडलं की तोंड मोकळं करून दिवसभर उघडं ठेवा आणि आत माणूस उतरवू नका. बंद पेवात हवा मेलेली असते. भरताना मुरूम वीत-वीतभराच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून दाबून). एकदम ट्रॉली रिकामी केली तर दोन पावसाळ्यांत फरशी बसते.

शेजारच्या मातीच्या भिंतीचा पाया दोन-तीन फुटांवर संपतो. आपला कॉलम काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यायचा तर पाच-सहा फूट जावं लागतं, कधी त्याहून जास्त. त्यामुळे भिंतीलगत सलग चर खणायचाच नाही. चार-पाच फुटांचे खड्डे एकाआड एक खणा, एक भरून झाला की मगच मधला उघडा. त्याहून बरा उपाय म्हणजे कॉलम दोन-अडीच फूट आत घ्या आणि स्ट्रॅप बीमवर (दोन कॉलमांचे पाये जोडणारी तुळई) भार तोलून हद्दीपर्यंत जा. लोखंड थोडं जास्त लागतं, शेजाऱ्याची भिंत बांधून देण्यापेक्षा स्वस्त पडतं.

उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. आतला ओलावा कोंडतो, फुगतो आणि गिलावा मातीसकट सुटतो. चुना-मातीचा लेप द्या, माथ्यावर विटांचे दोन थर पुढे काढून बसवा आणि पावसाळ्यापुरती ताडपत्री, तीही वरून घट्ट बांधलेली. भिंत बाहेर झुकली असेल तर विटांचा धिरा (टेका).

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पाया उघडायचा नाही. मृग लागेपर्यंत प्लिंथ (जोतं) होईल असं कंत्राटदार सांगतोच. कॉलम उभे होतात, खड्डे भरायचे राहतात, आणि त्या खड्ड्यांत साचलेलं पाणी शेजारची भिंत घेऊन जातं.

मधली_आळी

घर सामाईक आहे, सातबारा नाही, सिटी सर्व्हेची नोंद आजोबांच्या नावावर. कुठून हात घालायचा?

कागदवाला

ताई, प्रॉपर्टी कार्डापासून. आधी वारसनोंद, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग नकाशा. उलटं केलं तर नकाशाची फी गेली समजा. जुन्या गल्ल्यांत भिंती सरकलेल्या असतात आणि कार्डावरचं क्षेत्र नि जागेवरचं क्षेत्र सहसा जुळत नाही. मोजणीच्या दिवशी दोन्ही शेजारी हजर ठेवा आणि सामाईक भिंतीची मध्यरेषा कोणाची, हे तिथल्या तिथे लिहून सह्या घ्या.

दुसरी गोष्ट रस्त्याची रुंदी. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (तीच ती यूडीसीपीआर) सगळं समोरच्या रस्त्यावर ठरतं. रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) वापरता येत नाही. धुळ्याच्या नंबरी गल्ल्या, ज्यांची आखणी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली, त्या सरळ आहेत, पण बैलगाडीच्या मापाच्या आहेत. तिथे बिल्डरने पाच मजल्यांचं चित्र दाखवलं तर आधी गल्लीला टेप लावा. महापालिकेने रस्तारेषा आखली असेल तर नवं बांधकाम मागे घ्यावं लागतं. तेवढी जागा वजा करून उरतं ते आपलं.

भाडेकरूंसाठी: इमारत धोकादायक म्हणून नोटीस आली (महापालिकेत कलम २६४, नगरपालिकेत १९५) की आधी वर्ग विचारा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न हलवता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. मालक आणि भाडेकरूचे ऑडिट (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचे) अहवाल वेगळे निघाले तर दोन्ही लेखी सादर करा. रिकामं करण्याआधी आपल्या ताब्यातलं क्षेत्र मोजून पंचनामा, फोटो, भाडेपावत्या, लाईट बिल एकत्र ठेवा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पण हक्क किती चौरस फुटांचा, हे दाखवायला कागद आपलाच लागतो.

आणि मीटर. महावितरणकडे वीजजोडणी तात्पुरती खंडित करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या. मीटर कायमचा बंद अशी नोंद झाली की नव्याने जोडणी, आणि त्यासाठी मालकाची संमती. ती कोण देणार?

गल्ली_नंबर_चार

आता रस्ता. काँक्रीटचा रस्ता आला की सगळे खूश होतात आणि पहिल्या पावसात घरात पाणी येतं. कारण साधं: जुन्या डांबरावरच काँक्रीट ओतलं.

नीट करायचं तर खडीचा थर १५० मिमी, त्यावर कोरडं दुबळं काँक्रीट १०० मिमी, त्यावर मुख्य काँक्रीट २०० मिमी. बेरीज ४५० मिमी, म्हणजे दीड फूट. तेवढं खोदलं तरच रस्ता जुन्या पातळीवर राहतो. खोदाई चालू असताना पाण्याची नळी घेऊन ओट्याच्या भिंतीवर लाल रेघ मारा: रस्त्याचा माथा जोत्याच्या किमान सहा इंच खाली. ओव्हरसियरला ती रेघ दाखवा आणि फोटो काढा. ओतून झाल्यावर तक्रारीला अर्थ नाही.

ओतण्याआधी आणखी दोन गोष्टी. एक, नळाच्या जोडण्या आणि मलनिस्सारणाचे चेंबर पाणी सोडून तपासणे. नाहीतर महिन्याभरात कटर लागतो. दोन, दर पंचवीस-तीस मीटरला आडवा रिकामा पाईप पुरून ठेवणे, पुढे केबल किंवा नळ टाकायला. एका पाईपचा खर्च चहापाण्याइतका, पण अंदाजपत्रकात तो दिसत नाही म्हणून कोणी टाकत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत भर दुपारी काँक्रीट ओततात, हा शुद्ध वेडेपणा. चाळीसच्या वर गेलं की संध्याकाळनंतर ओतावं, खडीवर पाणी मारून ती थंड करावी, आणि ओतल्यावर दोन-तीन तासांत ओली गोणपाटं. सांध्याचे काप चोवीस तासांच्या आत, जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके खोल. उशीर झाला की रस्ता स्वतःच्या मर्जीने फाटतो. पाणी किमान चौदा दिवस. इथे बाजारवाले घाई करतात, चौथ्या दिवशी टेम्पो आत.

रथचौक

जुन्या जळगावसाठी एक पुरवणी. कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथ १८७२ पासून याच गल्ल्यांतून जातो. रथ वळवतात आणि थांबवतात ते चाकाखाली लाकडी मोगरी (पाचरीसारखा ठोकळा) लावून. मोगरीला खाली पकड लागते, म्हणून रथमार्गावर काँक्रीटला कडक झाडूने आडव्या रेषा मारून घ्या, घोटून गुळगुळीत करू नका. चेंबरची झाकणं रस्त्याच्या बरोबरीने. नव्या इमारतीची बाल्कनी नि पत्र्याचं शेड किती पुढे आलंय, तेही नकाशाच्या वेळीच बघायचं. एकादशीच्या आदल्या दिवशी नाही.

लोटगाडी

गल्ली वीस फुटांची. लोटगाडी साधारण सहा बाय साडेतीन फूट, रस्त्याच्या लांबीत लावली तर रुंदीतले साडेतीन फूट खाते, पुढे गिऱ्हाईक दोन-अडीच फूट. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या की बारा फूट गेले, उरले आठ. त्यात एक मोटारसायकल तिरपी उभी राहिली की रस्ता संपला, अग्निशमनचा बंब तर सोडाच. म्हणून अशा गल्लीत गाड्या एकाच बाजूला. कोणत्या? रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेकडच्या बाजूला. दुपारनंतर तिकडच्या इमारतींची सावली रस्त्यावर पडते. पूर्वेला लावली तर केळी काळी पडतात आणि मेथी चार वाजेपर्यंत मान टाकते.

फेरीवाल्यांना हलवायचं तर २०१४ चा कायदा असा आहे: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय उठवता येत नाही, हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस, आणि शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांतून निवडून आलेले. माल जप्त केला तर यादी जागेवरच मागायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. यादीशिवाय गाडी उचलू देऊ नका. नंतर वजनकाटा होता की नव्हता, यावर वाद होतो.

नवे ओटे बांधून दिले तरी रिकामे का राहतात, तेही सांगतो. आपलं गिऱ्हाईक गाडीवरून न उतरता अर्धा किलो भरताची वांगी घेतं. ओटे आत, पायऱ्या चढून, तर ते आत जात नाही. ओटा रस्त्याला तोंड करून, उंची अडीच फूट, पुढे दुचाकी थांबेल इतकी जागा, पाण्याचा नळ आणि बाजूला स्वच्छतागृह, बायकांसाठी वेगळं. बसणाऱ्यांत बायका किती आहेत ते बघा, मग शेवटचा मुद्दा पटेल.

दुकानलाईन

लोटगाडीभाऊ, सगळं मान्य, पण गाळ्याचं भाडं, मालमत्ता कर भरणाऱ्याच्या शटरसमोर गाडी लागते तेव्हा काय? आणि महापालिकेच्या मार्केटात गाळेच कायदेशीर पेचात. जळगावात बऱ्याच मार्केटांची मुदत २०१२ लाच संपली.

लोटगाडी

भाऊ, शटरसमोर नकोच. पण दुकानाचा माल दोन पायऱ्या पुढे, ओट्यावर आणि गटारीवर मांडलेला असतो, म्हणून गाडी रस्त्यावर ढकलली जाते. पांढरी पट्टी आखताना दुकानाच्या मूळ जोत्यापासून मोजा, पुढे काढलेल्या पत्र्यापासून नाही. पट्टी कुठून मोजली हे समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. पुढचा अधिकारी आला की तो पत्र्यापासून मोजायला सुरुवात करतो.

मधली_आळी

कागदवाला दादा, एका शेजाऱ्याने मोजणीला यायला नकार दिला तर?

कागदवाला

ताई, कार्यालयाची नोटीस त्यांना रजिस्टर पोस्टाने गेली की नाही ते बघा. नोटीस पोचली आणि ते आले नाहीत तर मोजणी थांबत नाही. पण सामाईक भिंतीचं मग वेगळं करावं लागेल, कारण त्यांच्या सहीशिवाय मध्यरेषा कागदावरच राहते. तोवर पाडणी त्या भिंतीपासून दोन फूट अलीकडे थांबवा. कड्यांची टोकं आणि तेवढं छप्पर बल्ल्यांवर धरून ठेवा.