मदत हवी आहे : ल्युपस आणि हृदयाची तपासणी, नागपूर

नमस्कार मंडळी. माझ्या ताईला (वय ४१) ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे, निदान होऊन दहाएक वर्षं झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि थोडं स्टिरॉइड सुरू आहे, सांधे बऱ्यापैकी आवाक्यात आहेत. पण हल्ली महालातल्या आमच्या घराचा जिना चढताना ती मध्येच कठडा धरून थांबते, छाती भरून येते म्हणते. एका दवाखान्यात ईसीजी काढला आणि ‘या वयात बाईमाणसाला हार्टचं काही नसतं’ म्हणून परत पाठवलं.

हे मला अजिबात पटलेलं नाही. पिट्सबर्गच्या संशोधकांचा १९९७ चा अभ्यास आहे : ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या मोठ्या अभ्यासातल्या त्याच वयाच्या स्त्रियांपेक्षा ५० पटींहून जास्त निघालं. वाचून झोपच उडाली. शरीरात कायमची सूज राहिल्यानं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, वर स्टिरॉइडमुळे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल वाढतं. वय, बीपी वगैरेवरून हार्टचा धोका मोजायच्या नेहमीच्या गणितात हा धोका कमीच दिसतो.

धंतोली, रामदासपेठ किंवा मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) संधिवाततज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ एकमेकांशी बोलून उपचार करतात असं कुठे आहे का? तुमच्या घरी कुणाला ल्युपस असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) की सीटी अँजिओ (डाय म्हणजे रंगद्रव्य टोचून रक्तवाहिन्यांचा स्कॅन), काय सांगितलं होतं? ताईच्या लघवीतून प्रोटीन जातं, म्हणून डायनं किडनीला त्रास होईल अशी भीती वाटते. याच आठवड्यात दाखवायचं आहे, कृपया लवकर कळवा.