आवाज वर नेण्याची शस्त्रक्रिया : ग्लॉटोप्लास्टी की सीटीए?

केतकी_३४
ट्रान्सस्त्री, वय 34. वाचतानाची सरासरी पट्टी 123 हर्ट्झ, म्हणजे पेटीवर खालच्या सप्तकातली पांढरी सात. स्ट्रोबोस्कोपीत (स्वरतंतूंच्या कंपनाची दुर्बिणीने तपासणी) काही दोष नाही, सिगरेट नाही, स्पीच थेरपी आठ महिने चालू. इस्ट्रोजेनने आवाज चढत नाही हे माहीत आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत : तोंडातून वेंडलर ग्लॉटोप्लास्टी, नाहीतर मानेतून क्रिकोथायरॉइड अ‍ॅप्रॉक्सिमेशन (सीटीए). दिवसभर फोनवरचं काम आहे, थोडं गाणंही. कंठमणीही कमी करायचा आहे. काय निवडावं, आणि क्रम कोणता ठेवावा?

घसाकान
फोनचं काम आहे तर ग्लॉटोप्लास्टी. कारण सांगतो.

सीटीएमध्ये मानेच्या घडीत आडवा छेद घेऊन थायरॉइड आणि क्रिकॉइड या दोन कूर्चा न विरघळणाऱ्या टाक्यांनी जवळ ओढतात. स्वरतंतू ताणले जातात, पट्टी चढते. पण हेच काम एरवी क्रिकोथायरॉइड स्नायू करतो. अंतर कायमचं मिटवलं की त्याला हलायला जागा उरत नाही, मग आवाज एकसुरी, थोडा फॉल्सेटोकडे, म्हणजे पातळ कृत्रिम उंच आवाजाकडे, झुकलेला लागतो. शिवाय टाके हळूहळू कूर्चेत रुततात आणि काही महिन्यांत आवाज पुन्हा खाली येऊ लागतो. तरुण, मऊ कूर्चेत टाके कापत जातात; वयाने हाड धरलेल्या कूर्चेला भोक पाडावं लागतं. रुतू नये म्हणून काहीजण टाक्याखाली छोटी प्लेट ठेवतात.

ग्लॉटोप्लास्टीत पूर्ण भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही तंतूंच्या पुढच्या सुमारे एक तृतीयांश भागाची वरची त्वचा काढतात आणि तो भाग टाक्यांनी एकत्र शिवतात. तार आखूड झाली की सूर चढतो, तंबोऱ्याचं तत्त्व तेच. साधारण 5-6 सेमिटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, काळ्या धरून) वाढ धरा. तुमच्या 123 वर सहा सेमिटोन म्हणजे 175 च्या आसपास, पांढरी चार.

बिघडतं कुठे? पहिल्या आठवड्यात खोकला किंवा ओरडणं झालं तर टाका सुटतो आणि पुढे फट राहते. दोन बाजू वरखाली शिवल्या तर एकाच वेळी दोन सूर निघतात. लोभाने अर्ध्यापेक्षा जास्त शिवलं तर जिना चढताना धाप लागते. आणि हे उलटवणं अवघड, कारण शिवण कापली तरी व्रण मागे राहतो. खालचे सूर जातात, मोठ्याने हाक मारण्याची ताकद घटते, वरचे सूरही नेहमी पूर्वीसारखे राहत नाहीत. गाण्याची आशा बेताचीच ठेवा.

लेझरने तंतू पातळ करण्याचा पर्यायही कुणी सुचवेल. एकटा तो थोडीच पट्टी देतो आणि व्रणामुळे आवाज कडक होतो. मी तरी टाळेन.

वाचा_उपचार
शस्त्रक्रिया फक्त पट्टी बदलते. घशातून ओठांपर्यंतची नळी तेवढीच राहते, त्यामुळे अनुनाद जुनाच. 190 हर्ट्झवरही अनुनाद भारी असला तर फोनवर समोरचा गोंधळतो. मराठीत एक सोय आहे : ‘मी बोलते’, ‘मी आले’ हे पहिल्याच वाक्यात आलं की ऐकणाऱ्याला दिशा मिळते. पण वाक्याच्या शेवटी सूर पडतो, आणि क्रियापद नेमकं तिथेच असतं. म्हणून ‘-ते’वर सूर टिकवायचा सराव आत्ताच करून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजही नको, त्याने तंतूंवर ताण येतो. मग दिवसाला पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात. सहा-आठ आठवडे आवाज घोगरा राहील, तेव्हाचं रेकॉर्डिंग ऐकून निष्कर्ष काढू नका. खरा आवाज सहा महिन्यांनी कळतो. शस्त्रक्रियेआधी प्राटवर (आवाज मोजण्याचं सॉफ्टवेअर) एकच परिच्छेद रेकॉर्ड करून ठेवा, नंतर तोच वाचा.

घसाकान
क्रमाबद्दल राहिलं. कंठमणी घासल्याने पट्टी वाढत नाही. उलट कूर्चा जास्त खाली कापली तर तंतू पुढे जिथे चिकटलेले असतात ती जागा सुटते, तंतू सैल पडतात आणि आवाज खाली जातो. विचारायचा प्रश्न एवढाच : ‘तंतूंची पातळी आतून दुर्बीण घालून सुईने खूण करणार का?’ उत्तर ‘अंदाजाने’ असं आलं तर उठून या. खूण होत असेल तर दोन्ही एका भुलीत करता येतं.

केतकी_३४
सीटीए मला लागू पडेल का, हे आधी तपासता येतं का?

घसाकान
ढोबळपणे. ‘ई’ म्हणत असताना डॉक्टर बोटाने क्रिकॉइड वर, थायरॉइडकडे दाबतात. सूर लक्षणीय चढला तर फायदा संभवतो. चढला नाही तर अंतर मुळातच कमी आहे, टाके घालून फारसं मिळणार नाही.

भूल_विभाग
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ग्लॉटोप्लास्टीनंतर पुढे कधी अपेंडिक्स असो की दुसरी कोणती शस्त्रक्रिया, श्वासनलिकेत घालायची नळी नेहमीपेक्षा बारीक लागते, सहसा 6 नंबर किंवा त्याहून लहान. मोठी नळी रेटली तर शिवण फाटते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाकिटात ठेवा, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण अपघातात तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल.