इलेक्ट्रिक गाडीच्या रीजन ब्रेकिंगचा त्रास आणि त्यावर काय केलं: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

घाटमाथा_सातारा

मंडळी, पाऊस ओसरत आलाय, कासला फुलं बघायला गर्दी सुरू झाली आणि दरवर्षीसारखा तोच प्रश्न चार जणांकडून येऊन गेला, "यवतेश्वर घाट उतरताना गाडी रीजनच देत नाही, काय बिघडलंय?" म्हणून म्हटलं एकदाचा धागाच काढू. ज्याला ज्याला रीजनचा, म्हणजे एक्सलेटरवरनं पाय उचलल्यावर मोटरच गाडी धरते त्याचा, त्रास झालाय त्यानं इथं लिहा. कंपनीच्या नावानं शिव्या नकोत, आणि "शोरूमला दाखवलं, झालं नीट" एवढंच लिहून पळायचं पण नाही. चार्ज किती होता, गारठा होता का ऊन, रस्ता कसला, कुठला दिवा लागला आणि शेवटी कशानं गेलं, ते लिहा, म्हणजे पुढच्याला उपयोग.

माझं मत आधीच सांगून टाकतो, बऱ्याच तक्रारीत बिघाड नसतोच. पाय उचलला की मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत ढकलते, पण ती घ्यायला बॅटरीत जागा पाहिजे ना. कास साताऱ्यापेक्षा साधारण साडेचारशे-पाचशे मीटर उंच. 1700 किलोची गाडी तेवढी खाली आणली तर दोन युनिटच्या थोडी वर ऊर्जा सुटते, शाळेतलंच गणित आहे, वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची. टायरचं घर्षण, हवा, इन्व्हर्टरमधली गळती जाऊन दीडेक युनिट परत येतं असं धरा. 30 युनिटच्या बॅटरीला ते पाच टक्के झाले. आता वर रिसॉर्टवर रात्रभर लावून सकाळी 100 करून निघालात तर ती वीज ठेवायची कुठं? बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा कॉम्प्युटर, सरळ नको म्हणतो आणि गाडी मोकळी पळते.

पाचगणीचा_होमस्टेवाला

हे अगदी रोजचं आहे आमच्याकडं. पाहुणे रात्री चार्जिंगला लावतात, सकाळी नाष्टा करून फुल गाडी घेऊन पसरणी घाट उतरायला लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरनं फोन, "काका, ब्रेक लागत नाहीयेत!" अहो लागतात, पेडल दाबा की. रोज शहरात एका पायावर गाडी चालवायची सवय झालेली असते, पाय उचलून गाडी धरली नाही की माणूस घाबरतो. शेवटी मी चार्जरशेजारी पाटीच लावली, "वाईकडे उतरणाऱ्यांनी 85 ला थांबावे." एक ताई भांडल्या पण, पैसे घेता पूर्ण रात्रीचे आणि चार्ज देता 85 काय. खाली वाईत पोचल्यावर त्यांनीच मेसेज टाकला, 88 झाली म्हणून.

थंडीचं पण लिहितो. वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठतं ना, त्या दिवसांत 60 टक्के चार्ज असला तरी सकाळी सकाळी रीजन अर्धवटच येतं. रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी असते. आठ-दहा किलोमीटर पळाली की हळूहळू वाढतं. याचं कारण कुणी सांगेल का?

मिरजेचे_मास्तर

मी सांगतो काका. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात. सेल गार असला की ते सावकाश शिरतात, आणि वरनं जोरात करंट आला तर आत न जाता पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. तो लिथियम बऱ्याच अंशी कायमचा वाया जातो, क्षमता घटते, जास्त झालं तर आत शॉर्ट व्हायची भीती. म्हणून थंड बॅटरीला कॉम्प्युटर मोठा करंट घेऊच देत नाही, मग तो चार्जरचा असो नाहीतर घाटाचा. गार असताना चालवायला, म्हणजे डिस्चार्ज करायला, तेवढी अडचण नसते, म्हणून पिकअप ठीक आणि रीजन गायब असं दिसतं. उलट बाजूनं बॅटरी फार तापली तरी हेच होतं. मे महिन्यात फास्ट चार्जरवरनं काढल्या काढल्या उतार लागला तर रीजन कमी मिळेल, ते समजून घ्यायचं.

चाळकेवाडी_पंखा

आमचं काम पवनचक्क्यांवर. पठारावर वारा कितीबी सुटू दे, ग्रीडनं घेत नाही म्हटलं की पात्याचा कोन फिरवून चक्की गप करावी लागते. गाडीचं तसंच हाय, वीज तयार करता येतीय म्हणून करायचीच असं नसतं.

कऱ्हाडचा_दादा

माझा किस्सा वेगळाय, जरा सविस्तर लिहितो कारण मला यानं लय दिवस छळलं. पाटणकडं जाताना मल्हारपेठच्या पुढं रस्ता खराब होता तेव्हाची गोष्ट, उतारावर रीजनची पातळी तीनवर, पाय पूर्ण उचललेला, गाडी छान धरून चाललीय, आणि वळणाच्या आधी चाक खड्ड्यात आपटलं की गाडी एकदम पुढं सुटल्यासारखी व्हायची. क्षणभरच, पण पोटात गोळा. बायको म्हणायची गाडी विकून टाका. सर्व्हिस सेंटरला दोनदा ठेवली, त्यांच्या स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही, सपाट डांबरी रस्त्यावर ट्रायल घेतात आणि सांगतात ओके आहे. अरे पण सपाटावर होतच नाही ना ते.

मग त्यांच्याकडच्याच एका वयस्कर टेक्निशियननं शेजारी बसून खड्ड्यातनं गाडी घ्यायला लावली आणि उलगडा झाला. रीजन फक्त पुढच्या चाकांवर आहे. चाक खड्ड्यात उचललं गेलं की त्याची पकड सुटते, मोटर तर त्याला मागं ओढतच असते, मग ते चाक बाकीच्यांपेक्षा हळू फिरायला लागतं. एबीएसला, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, वाटतं चाक लॉक होतंय. तो पहिलं काम करतो रीजन सोडायचं. पकड परत आल्यावर रीजन परत येतं, मधल्या वेळात गाडी मोकळी. बिघाड नाही, तसंच बनवलंय, ओल्या रस्त्यावर आणि खडीवर पण होतं. उपाय एवढाच की खराब रस्त्यावर रीजन एकवर ठेवायचं आणि पाय ब्रेकवर तयार. रीजन कमी असलं की सुटतं ते पण कमीच, धक्का जाणवत नाही. तेव्हापासून गाडी विकायचा विषय बंद.

उसाचा_पट्टा_सांगली

काय लगा, सगळ्यांचं "बिघाड नाही" चाललंय, माझ्यात होता की बिघाड. गाळप हंगामात आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच, ट्रॉल्यांच्या टायरचा चिखल, पाचट, वर पाण्याचा टँकर सांडून गेलेला. एक दिवस तासगाव रोडला एबीएसचा पिवळा दिवा, त्याच्यामागनं ट्रॅक्शनचा (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा), आणि स्क्रीनवर रीजन उपलब्ध नाही. बंद करून चालू केली की दहा मिनिटं बरी, परत तेच. एका वर्कशॉपनं बघितल्या बघितल्या एबीएस मॉड्युल गेलंय म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी गाडी तशीच उचलली.

मिरजेत ओळखीचा मेकॅनिक आहे, ईव्हीचं शिक्षण नाही पण डोकं चांगलं. त्यानं स्कॅनरवर चारी चाकांचा स्पीड एकाच वेळी लावला आणि मला म्हणाला हळू चालव. तीन चाकं 20 दाखवतायत, मागचं डावं 20, 20, 0, 14, परत 20 असं नाचतंय. गाडी जॅकवर घेऊन त्या सेन्सरची वायर बोटानं हलवली की आकडा शून्य. कपलर उघडला तर आतल्या पिना हिरव्यागार, सील फाटून पाणी शिरलेलं. क्लीनर मारून ब्रशनं घासल्या, नवीन सील टाकलं, कपलरचं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं आणि वायर पाण्यापासनं वर उचलून टायनं बांधली. खर्च हजाराच्या आत. चाकाचा स्पीड नीट कळत नसेल तर गाडी रीजन बंद करते, कारण चाक लॉक होतंय का हे तिला समजणारच नाही. तेव्हा एबीएसचा दिवा आणि रीजन गायब असं एकत्र दिसलं की आधी चार सेन्सर बघा, मग मॉड्युलचं बोला.

वखारभाग_सांगली

आमच्यात पण सेन्सरची वायरच, फक्त उंदरानं खाल्लेली. हळदीच्या गोदामाशेजारी गाडी लावायची म्हणजे हे आलंच. आणि कुणी स्वतः वायरी तपासणार असाल तर नारंगी जाड केबलला हात लावू नका, ती हाय व्होल्टेजची असते.

गोडोली_ताई

माझी तक्रार उलटी होती, गाडी पाय उचलला नसतानाही ओढल्यासारखी वाटायची आणि रेंज घटलेली. सगळे म्हणाले रीजन जास्त ठेवलंय, कमी करा. शून्यावर केलं तरी तेच. मग पोवई नाक्यावरनं घरी आल्यावर सहज चाकांजवळ हात नेला, तीन चाकं कोमट आणि मागचं उजवं चांगलंच गरम. रीजनवरच गाडी चालवल्यामुळं डिस्क ब्रेक पावसाळाभर वापरलेच गेले नव्हते, डिस्कवर गंज आणि कॅलिपरची सरकणारी पिन जॅम. लायनर डिस्कला घासत बसला होता. पिना काढून साफ करून ग्रीस लावलं, डिस्क वाचली.

आता आठवड्यातनं एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, रीजन शून्य करून चार-पाच वेळा चांगले दणदणीत ब्रेक मारते. साताऱ्यातल्या पावसात हे गरजेचंच आहे. लायनर लाखभर किलोमीटर जातात म्हणून कौतुक करणाऱ्यांनी पिनांकडं पण बघावं.

कुपवाड_एमआयडीसी

80 टक्क्याला पण रीजन कट होत असेल तर सेल बॅलन्स, म्हणजे बॅटरीतले सगळे सेल सारखे भरतायत का, ते तपासा. माझी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. ओबीडीला (गाडी तपासायच्या सॉकेटला) डोंगल लावून सगळ्या सेलचे व्होल्टेज बघितले, उतारावर बाकीचे आरामात आणि एक सेल उड्या मारत 3.65 व्होल्टकडं पळत होता, आणि पॅकची मर्यादा सगळ्यात वरचा सेल ठरवतो. एलएफपीत अजून एक भानगड, व्होल्टेजचा आलेख मधे इतका सपाट असतो की टक्के किती याचा अंदाजच चुकत जातो, म्हणून कंपनीच सांगते अधनंमधनं 100 पर्यंत हळू चार्ज करा आणि थोडा वेळ लावून ठेवा. ते केलं, टक्के सुधारले पण तो सेल नाही. 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी होती, ग्राफचे स्क्रीनशॉट मेलला जोडल्यावर मात्र हालचाल झाली आणि ते मॉड्युल बदलून मिळालं. तोंडी सांगत बसलो असतो तर अजून "नॉर्मल आहे सर" ऐकत असतो.

घाटमाथा_सातारा

भारी लिहिलंय कुपवाडकर. गोडोली ताई, तुमचं तर मी माझ्या गाडीवर आजच बघतो.

विटा_एक्सप्रेस

दोन छोट्या गोष्टी. बारा व्होल्टची बॅटरी मरायला टेकली होती तेव्हा माझ्यात रीजन, पार्किंग ब्रेक, स्टेअरिंग सगळ्याचे इशारे एकदम आले, बदलल्यावर सगळे गेले. आणि मेव्हण्याच्या गाडीत पुढं दोन टायर वेगळ्या साइजचे टाकले होते, ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारा कंट्रोल, सारखा मधे येऊन रीजन तोडायचा.

इस्लामपूरचा_आबा

पावण्याच्या गाडीत रबरी मॅटवर अजून एक मॅट आणि तिच्यावर तिसरी. एक्सलेटर वर यायचाच न्हाय पुरता. मग रीजन कुठनं येणार. आधी पायाखाली बघा आणि मग कॉम्प्युटर लावा.

कृष्णाकाठ_वाई

ब्रेक लाइटचं कुणी लिहिलं नाही. जोरात रीजन घेताना मागची लाल बत्ती लागते का हे माहीत पाहिजे. युरोपातल्या आर 13-एच नियमात 1.3 मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा जास्त वेग कमी होत असेल तर लागलीच पाहिजे, 0.7 ते 1.3 मधे कंपनीची मर्जी. आपापल्या गाडीचं बघायचं तर रात्री एखाद्या बंद दुकानाच्या चकचकीत शटरपुढनं घ्या आणि पाय उचला, मागचं प्रतिबिंब आरशात दिसतं. लागत नसेल तर घाटात ट्रक मागं असताना ब्रेक पेडलला नुसता पाय टेकवायचा.

नवीन_चारचाकी_कऱ्हाड

नवीन गाडी घेतलीय, रविवारी कुंभार्लीतनं चिपळूणला जायचंय. वाचून टेन्शन आलं. कऱ्हाडातनं 100 करून निघू का 85?

कऱ्हाडचा_दादा

भावा 100 करूनच नीघ. घाटमाथ्यापर्यंत साठेक किलोमीटर आहे, हेळवाक येईपर्यंत बॅटरीत पाहिजे तेवढी जागा झालेली असते. ही 85 ची भानगड उतार दारातच सुरू होतो त्यांना, पाचगणी, महाबळेश्वर, कास असल्यांना. फक्त घाटात धुकं आणि ओला रस्ता असेल तर रीजन एकवर, पाय ब्रेकवर. आणि येताना चिपळूणला भरून घे, तो सगळा चढ आहे.

नवीन_चारचाकी_कऱ्हाड

ओके दादा. आबा, मॅट पण काढली एक.