पेशीपटलातून उपटलेल्या चॅनेलचं चित्र खरं मानायचं का?

अर्धा_स्फटिक: चॅनेल (भारित कणांना पेशीपटलातून जाऊ देणारं प्रथिन) पेशीपटलाच्या चरबीत रुतून बसलेला असतो. रचना बघायला त्याचा स्फटिक करायचा तर आधी डिटर्जंटने तो सोडवावा लागतो. २००३ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने केव्हीएपी हा पोटॅशियम चॅनेल असाच काढला, वर त्याला अँटिबॉडीचे तुकडे चिकटवले. चित्रात व्होल्टेज ओळखणारा भाग (सेन्सर) पटलाच्या आतल्या अंगाला आडवा पडलेला! त्यावरून सिद्धान्त काय, तर हा भाग वल्ह्यासारखा चरबीतून वर-खाली होतो. त्यावर आर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्लं, आणि ती भार टाळणाऱ्या चरबीतून? भिंत पाडून दार कसं उघडतं ते बघण्यातला प्रकार.

गाळणीवाला: सहमत नाही. १९९८ चा केसीएसए हा पोटॅशियम चॅनेल आठवा. गट तोच, तोही डिटर्जंटमध्येच काढलेला. चार सारखे घटक, मधे भोक, बाहेरच्या तोंडाशी १२ अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा कोट्यंशावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) लांबीची अरुंद गाळणी. पोटॅशियम आत शिरताना अंगावरचं पाणी उतरवतो आणि त्या पाण्याच्या जागी भिंतीतले आठ ऑक्सिजन त्याला धरतात. सोडियम लहान, ऑक्सिजन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, मग पाणी सोडणं त्याला परवडत नाही. धाकटा असून बाहेर! हे चित्र आजही टिकून आहे. भिंत तिथेही पाडलीच होती की.

अर्धा_स्फटिक: गाळणी चॅनेलच्या पोटात असते हो, तिला चरबी शिवतही नाही. सेन्सर चारही अंगांना, थेट चरबीला लागून. आधार काढला की कोण कलंडणार?

काठावरचा: मॅकिनन यांचा गट नुसत्या स्फटिकावर विसंबला नव्हता. वल्ह्याला बायोटिन हा छोटा रेणू बांधून, त्याला घट्ट धरणारं ॲव्हिडिन हे प्रथिन तो पटलाच्या कुठल्या बाजूने पकडतं हे पाहिलं, आणि तेही लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या, पटलात. काही जागा दोन्ही बाजूंनी सापडल्या. म्हणजे हालचाल चांगलीच मोठी.
(अवांतर: २००३ च्याच ऑक्टोबरात मॅकिनन यांना नोबेल जाहीर झालं. भांडणाला याहून चांगला मुहूर्त नाही.)

अर्धा_स्फटिक: बायोटिनचं विसरलो होतो, मान्य. पण प्रकाशाच्या मोजमापांत इतरांना हालचाल बरीच कमी दिसली होती, तेही पटलातच.

गाळणीवाला: मग २००५ चा उंदराचा केव्ही१.२ हा पोटॅशियम चॅनेल आणि २००७ ची २.४ अँगस्ट्रॉमची रचना बघा. लिपिड घालून केलेली. २००७ च्या चित्रात तर चरबीचे रेणू चॅनेलला बिलगलेले दिसतात. केलं कोणी? त्याच गटाने.

अर्धा_स्फटिक: अहो, तेच तर म्हणतोय. चरबी घातली तेव्हा सेन्सर उभा राहिला.