जीवशास्त्राची इतर विषयांशी सांगड: ४५ तासांत कोणता धागा धरावा?

प्रश्न: पेशीभित्तिका

नमस्कार. प्रथम वर्ष बी.एस्सी.साठी २ क्रेडिटचा आंतरविद्याशाखीय पेपर बसवायचा आहे. थिअरी १५ तास, प्रात्यक्षिक ३० तास. रसायन, संख्याशास्त्र आणि इतिहासाचे सहकारी यायला तयार आहेत. अडचण अशी की ‘पाणी’ किंवा ‘आरोग्य’ असा विषय ठरवला की प्रत्येक जण आपलं जुनंच प्रकरण त्या नावाखाली शिकवतो. मुलांना चार वेगळी लेक्चर्स मिळतात, सांगड कुठेच दिसत नाही. पुण्यात सहज करता येईल असं काय धरावं? महागडी उपकरणं नाहीत.

उत्तर: मुठाकाठ

मॅडम, नुसता विषय ठरवून सांगड बसत नाही. एखादी वस्तू किंवा एखादा आकडा धरा, जो सगळ्या विभागांच्या हातून जाईल. माझ्या मते तुमच्यासाठी ती वस्तू म्हणजे ३०० मिलीची बी.ओ.डी. बाटली. तिच्यात नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, आणि पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू त्यातला किती खातात तेही, म्हणजे बी.ओ.डी.

जागा तीन: खडकवासल्याच्या धरणाखाली, विठ्ठलवाडी, आणि मुळा-मुठेच्या संगमानंतर मुंढव्याचा पूल. पावसाळ्यात आणि धरणातून विसर्ग सुरू असताना पात्राकडे फिरकायचंही नाही. इतर वेळीही नमुना पुलावरूनच घ्या, पण बादलीने नको. बादलीतलं पाणी खळाळतं, त्यात हवा मिसळते आणि ऑक्सिजन खोटा वाढतो. मोठ्या झाकणबंद डब्यात बाटली बसवून, तिच्या तळापर्यंत नळी सोडून, वजन बांधून डबा खाली सोडायचा. पाणी बाटलीतून दोन-तीनदा ओसंडून गेलं की बूच लावायचं. आत एकही बुडबुडा राहता कामा नये.

जागेवरच २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली ठेवून. बाटली उलटसुलट करा. इथे मुलांना थांबवून नीट बघायला लावा: साका तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. नदीत मासे का मरतात हे त्या पांढऱ्या साक्याइतकं स्पष्ट कुठलंच पुस्तक दाखवत नाही. साका बसला की २ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. मग प्रयोगशाळेत २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे रंग जाईपर्यंत ते मोजून थेंबाथेंबाने घालायचं. जितके मिली लागतील तितके मिग्रॅ प्रति लिटर ऑक्सिजन. रंग फिकट गवती होईपर्यंत स्टार्च घालायचा नाही. आधी घातला तर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि अंत्यबिंदू पुढे सरकतो. निळा रंग पहिल्यांदा गेला तोच बिंदू. नंतर तो परत आला तरी तिकडे लक्ष देऊ नका.

अझाइड वगळू नका. सांडपाण्यातलं नायट्राइट आयोडीन मोकळं करतं आणि आकडा फुगतो. मात्र ते विषारी आहे, उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही.

एक गंमत भौतिकशास्त्रासाठी. २५ अंशांना संपृक्त ऑक्सिजन (पाण्यात जास्तीत जास्त मावेल तेवढा) सुमारे ८.३ मिग्रॅ प्रति लिटर असं कोष्टकात छापलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे ७.७च्या आसपासच येणार. स्वच्छ पाण्यात ७.५ मिळालं की मुलं ‘प्रदूषण’ लिहून मोकळी होतात. हेन्रीचा नियम (हवेचा दाब कमी, तर पाण्यात वायू कमी विरघळतो) शिकवायची वेळ हीच.

जीवशास्त्र गाळात आहे. स्वच्छ प्रवाहात दगडांखाली मेफ्लाय या कीटकाची पिल्लं सापडतात. कुजक्या गाळात ट्युबिफेक्स (गांडुळासारखे बारीक किडे) आणि कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेल्या जागेसाठीची तजवीज. टायट्रेशनचा आकडा आणि ती अळी एकाच पानावर आली की सांगड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पेशीभित्तिका

फार उपयोगी. बी.ओ.डी. कोणत्या दिवशी लावावा? आमचं प्रात्यक्षिक शुक्रवारी असतं.

मुठाकाठ

आपल्याकडे बाटली २७ अंशांना ३ दिवस ठेवून किती ऑक्सिजन खर्च झाला ते बघतात, म्हणजे शुक्रवारची बाटली सोमवारी उघडावी लागेल. लॅब असिस्टंटशी बोलून ठेवा, नाहीतर सोमवारी लावून गुरुवारी उघडा. मुंढव्याचं पाणी विरळ न करता लावलं तर ३ दिवसांनी ऑक्सिजन शून्य येतो आणि त्यावरून काहीच काढता येत नाही. ३०, १५ आणि ६ मिली अशा तीन मात्रा घेऊन बाटली विरलन पाण्याने (विरळ करायच्या स्वच्छ पाण्याने) भरा. ज्या बाटलीत किमान २ मिग्रॅ खर्च झाला आणि किमान १ उरला, तीच मोजायची.

उत्तर: सरासरी

संख्याशास्त्राकडून एकच कळकळीची सूचना. एका जागेवरून, एकाच वेळी भरलेल्या तीन बाटल्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यातून हाताची चूक कळते, नदी कळत नाही. वेळही लिहा: शेवाळ असलेल्या घाण पाण्यात दुपारी ऑक्सिजन संपृक्ततेच्याही वर जातो आणि पहाटे कोसळतो. एक गट सकाळी ७ला आणि दुसरा दुपारी २ला गेला तर तुलना करूच नका.

उत्तर: बखरवाचक

इतिहासाचे सहकारी नदीत नुसते पाहुणे ठरतील. त्यांच्यासाठी १८९७चा पुण्याचा प्लेग घ्या, तीन तासिका पुरतात.

फळ्यावर ‘तेव्हा काय माहीत होतं’ हा तक्ता काढा. प्लेगचा जिवाणू १८९४ला हाँगकाँगमध्ये सापडला. जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत जानेवारी १८९७ला लस स्वतःला टोचून घेतली. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७चा. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना १० मार्चला गेल्या. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी २२ जूनला, गणेशखिंड रस्त्यावर. आणि पिसवांमार्फत प्रसार होतो हे फ्रेंच डॉक्टर सिमोंने दाखवलं ते १८९८ला. म्हणजे घरं उघडून झडत्या घेतल्या, सामान जाळलं, तेव्हा खरा वाहक कोण हे सिद्धच झालेलं नव्हतं. लोकांचा संताप आणि पिसूचं जीवनचक्र इथे एकमेकांशेजारी येतात.

गणितालाही वाट आहे. साथ कशी पसरते याचं गणित मांडणाऱ्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७च्या लेखात मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगमृत्यूंचा आलेख वापरला आहे. स्प्रेडशीटमध्ये तीन स्तंभ (S लागण होऊ शकणारे, I बाधित, R बरे किंवा मृत; N एकूण लोक), रोज एक ओळ: नवे बाधित = β × S × I ÷ N, नवे बरे किंवा मृत = γ × I. β लागणीचा दर, γ बरं होण्याचा किंवा मरण्याचा. रोजच्या आकड्यांची घंटेसारखी रेषा येते. मग मुलांना विचारा: समीकरण माणसाकडून माणसाला लागण धरतं, पण इथे उंदीर आणि पिसू मध्ये आहेत, तर रेषा जुळली म्हणून β खरा मानायचा का? या प्रश्नावर एक पूर्ण तास द्या.

उत्तर: सरासरी

बखरवाचक सरांच्या शेवटच्या प्रश्नाला परीक्षेत जागा द्या. चार विभागांनी चार प्रश्न काढले तर सगळं पुन्हा सुटं होतं. मुलांना मुंढव्याचा एक तक्ता द्या: वेळ, तापमान, ऑक्सिजन, बी.ओ.डी., सापडलेले जीव. त्यात एक आकडा मुद्दाम चुकीचा ठेवा आणि तो कोणता, कशावरून, हे विचारा. दुपारी २ वाजता ९.५ मिग्रॅ ऑक्सिजन मात्र चुकीचा म्हणून ठेवू नका. तो खराही असू शकतो.