कडबाकुट्टीत हात गेला, रक्त थांबलं नाही. आम्ही काय करायला हवं होतं?

मी धनकवडीत राहतो, गाव वेल्ह्याच्या पुढे. गेल्या पौषात चुलतभावाचा हात कडबाकुट्टीत गेला, कोपराच्या खाली. वय 34. मी गावीच होतो, सगळं डोळ्यांदेखत झालं. काकूनं हळद भरली, वर सुतळी बांधली, त्यावर टॉवेल. दर दोन मिनिटांनी कुणीतरी टॉवेल उचलून ‘थांबलं का’ बघत होतं. गाडी मिळायला पाऊण तास गेला. तालुक्याला सलाईन लावून ‘इथे रक्त नाही, पुण्याला न्या’ म्हणाले. नसरापूरजवळ तो म्हणाला, “दादा, थंडी वाजतीये.” कात्रजच्या बोगद्याला पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं.

सगळे म्हणतात वेळ भरली होती. मला पटत नाही. हाताच्या जखमेनं धडधाकट माणूस का जावा?

उत्तर १
दादा, मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. तुमचा भाऊ रक्त गेल्यानं गेला, आणि ते बऱ्याचदा गावातच थांबवता येतं. स्वच्छ फडकं ठेवून तळहातानं अंगाचा भार देऊन दाबायचं. उचलून बघायचं नाही. उचललं की धरलेली गुठळी सुटते. तरीही धार थांबेना, तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टा बांधायचा, त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायचा. वेळ लिहून ठेवायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करायचा नाही.

सुतळीनं वरवरच्या शिरा आवळतात, आतली धमनी चालूच राहते. मग रक्त उलट जास्त जातं.

आणि थंडी वाजते म्हणाला, तेव्हा अंगावर घोंगडं हवं होतं. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. ट्रानेक्झामिक ॲसिड हे गुठळी टिकवणारं स्वस्त इंजेक्शन पहिल्या 3 तासांत दिलं तर जीव वाचतात, हे 2010 साली 20,000 हून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं. तालुक्याला गेल्यावर ते आवर्जून विचारा.

उत्तर २
मी ॲम्ब्युलन्सवर होतो. 108 ला फोन केला की गाडीची वाट बघत घरी बसू नका. जीप असेल तर निघा, फोन चालू ठेवा, अर्ध्या वाटेत ॲम्ब्युलन्सला भेटा. पत्ता सांगताना वाडीचं नाव पुरत नाही, देऊळ, शाळा, फाटा सांगा. ‘हात कापलाय, रक्त थांबत नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. पुढच्या दवाखान्यात रक्त आहे का, ते निघायच्या आधी विचारून घ्या. एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवण्यातच माणसं जातात, मी पाहिलीत.

प्रश्नकर्ता
ताई, सुतळी मीच आणून दिली होती.

रविवारी गावी जातोय. गावात सात कडबाकुट्ट्या आहेत. प्रत्येकीच्या खांबाला एक पट्टा आणि काठी टांगणार, काकूला दाबायचं शिकवणार. पट्टा किती रुंद हवा?

उत्तर १
तीन बोटं तरी. ओढणीची घडी चालेल. काठी रवीच्या दांड्याएवढी घ्या, बारीक काठी मोडते. खांबावर खडूचा तुकडाही बांधा, वेळ लिहायला.