सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे अपेंडिक्स नाही?
सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे अपेंडिक्सला सूज (अपेंडिसायटिस) असण्याचा प्रश्न मिटला, असं काही जण म्हणतात. हा समज धोक्याचा आहे. रिपोर्ट नीट वाचा. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ आणि ‘दिसलं, नॉर्मल आहे’ यांत फार फरक आहे. आतड्यातला गॅस किंवा पोटावरची चरबी आड आली, किंवा अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असलं, की ते दिसतच नाही. दिसलं, ६ मिमीपेक्षा जाड भरलं आणि प्रोबने (सोनोग्राफीत पोटावर फिरवतात त्या उपकरणाने) दाबूनही चपटं झालं नाही, तर सूज असण्याची शक्यता खूपच.

अपेंडिक्स असं मागे दडलेलं असेल तर पोट पुढून दाबल्यावर फारसं दुखतही नाही. डाव्या कुशीवर झोपवून उजवी मांडी मागे ताणली की कळ येते. अशा वेळी काही तासांनी पोट पुन्हा तपासायचं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) परत बघायचं, तरी शंका उरली तर सीटी स्कॅन. वेदनाशामक दिल्याने निदान चुकतं ही जुनी भीती आहे. रुग्णाला तळमळत ठेवायचं काहीच कारण नाही.

नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागेल का, हे सीटीत अपेंडिक्समध्ये खडा (घट्ट झालेल्या मळाचा) दिसतो का यावर बरंच अवलंबून. खडा असला तर गुंतागुंत वाढते, तिथे ऑपरेशनच बरं. आणि हो, दुखणं एकाएकी थांबलं पण ताप आणि नाडी चढत राहिली, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. लगेच सर्जनला कळवा.